घरी सांगू नका हां, ताई

फोनवरून होणाऱ्या पाठलागाबद्दल ज्या ज्या मुली माझ्याशी बोलल्या, त्यांतल्या बहुतेकींचं पहिलं वाक्य एकच होतं. "ताई, घरी सांगू नका हां." काय झालंय, कोण मागे लागलाय, फोटो त्याच्या हाती कसे पडले, हे सगळं नंतर. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. अगं, तुझ्या मागे लागलेल्या माणसाचा सगळा जोर या एका वाक्यावर चालतो, अशी माझी आता खात्रीच झाली आहे. तू घरात तोंड उघडणार नाहीस हे त्याला पक्कं ठाऊक असतं. उघडलंस तर फोन जाईल, हॉस्टेल सुटेल, "आम्ही आधीच सांगत होतो" हे ऐकावं लागेल, एखादं स्थळ आलेलं असेल तर तेही फिरेल, हे तुझ्याइतकंच त्यालाही कळतं. त्याच्याकडे असतो तुझा नंबर, फार तर दोन-चार फोटो. उरलेलं काम आपल्या घरातली भीती करते.

हा त्रास वरून इतका किरकोळ दिसतो की दुसऱ्याला सांगताना आपल्यालाच ओशाळं वाटतं. कराडकडची एक मुलगी पुण्यात शिकत होती. वर्गातल्या एकाला तिने नाही म्हटलं. त्याचे मेसेज थांबेनात, म्हणून व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं. तो इन्स्टावर आला, तिथेही ब्लॉक. दुसऱ्या नावाने आला, तेही खातं ब्लॉक. मग एक दिवस तिच्या खात्यात एक रुपया जमा झाला. यूपीआयने पैसे पाठवताना खाली चार शब्द लिहायची सोय असते ना, तिथे लिहिलं होतं, "पिवळा छान दिसतो." त्या दिवशी तिच्या अंगात पिवळा कुर्ता होता. तिने मला फोन उघडून दाखवला तेव्हा त्या यादीत एकाखाली एक नुसते रुपये होते, आणि प्रत्येकासोबत एक ओळ. "मेसची भाजी आवडली नाही का?" "आज लायब्ररीत दिसली नाहीस." "केस मोकळे सोडत जा." कुठे शिवी नाही, धमकी नाही. खोलीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, एवढ्याचं काय घेऊन बसलीस, दुर्लक्ष कर. तोवर तिने मेसमध्ये जेवणं सोडलं होतं. खोलीत बिस्किटं खाऊन राहत होती.

हा गुन्हा आहे, हेच तिला माहीत नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत सामूहिक बलात्काराची घटना घडली, त्यानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती बसली. पुढे २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बाईचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला. तेव्हा ते कलम ३५४ ड होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ७८ आहे. त्यात दोन गोष्टी येतात. बाईने नको असं स्पष्ट सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्याशी संपर्क साधणं किंवा साधायला बघणं, ही एक. आणि ती इंटरनेट, ईमेल, फोन कसा वापरते यावर पाळत ठेवणं, ही दुसरी. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा ठरला तर पाच वर्षांपर्यंत. अश्लील काही असलंच पाहिजे, धमकी असलीच पाहिजे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तू नको म्हटलेलं असेल आणि तो थांबत नसेल, तर "पिवळा छान दिसतो" एवढी ओळदेखील पुराव्यात धरता येते.

आणि हे कलम सुखासुखी आलेलं नाही बरं का. मार्च २०१३ मध्ये लोकसभेत या विधेयकावर चर्चा चालू होती, तेव्हा एका ज्येष्ठ खासदारांनी उभं राहून विचारलं होतं की मुलींच्या मागे कधी गेला नाही असा आपल्यात कोण आहे. संसदेत हे विचारता येतं, तर गल्लीतल्या पोराला त्यात गैर काय वाटणार? पहिल्या वेळचा गुन्हा आजही जामीनपात्र आहे, तेवढं मात्र मनाशी असू दे. तक्रार केली आणि तो दुसऱ्या दिवशी बाहेर दिसला, म्हणजे तुझी तक्रार वाया गेली असं समजू नकोस. जामीन मिळाला तरी खटला उभा राहतोच.

किती जणींना हे सोसावं लागतं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१८ च्या अहवालात देशभरात पाठलागाचे ९,४३८ गुन्हे आहेत, म्हणजे साधारण ५५ मिनिटांना एक. त्यात रस्त्यावरचा पाठलागही आला. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेव. प्लॅन इंटरनॅशनल या संस्थेने २०२० मध्ये २२ देशांतल्या पंधरा ते पंचवीस वयाच्या सुमारे १४ हजार मुलींना विचारलं, तेव्हा ५८ टक्के जणींनी ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. दोन्ही मोजमापं वेगळी आहेत, एकातून दुसरं वजा करता येणार नाही. तरी अर्ध्याहून जास्त मुली जे सांगतात, त्यातलं पोलीस ठाण्याच्या वहीत किती थोडं उतरतं, हे कळायला तेवढं पुरे आहे. आणि नंबर बाहेर पडायला तुझ्या हातून काही व्हावंच लागतं असंही नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातून बातमी आली होती, मोबाइल रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात होते, ५० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंत, मुलगी दिसते कशी त्यावर भाव. त्या मुलींनी केलं काय होतं, तर दुकानात जाऊन आपलाच फोन रिचार्ज केला होता.

तरीही, अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्याचीच शक्यता आधी तपासून बघ. आपल्याकडचं असं पहिलं नोंदलेलं प्रकरण म्हणून २००१ मधल्या दिल्लीच्या एका प्रकरणाचा दाखला देतात. कोणीतरी एका बाईच्या नावाने चॅटिंग करत होता आणि तिचा फोन नंबर वाटत होता. तिला रात्री-अपरात्री परक्या माणसांचे फोन यायचे. २००४ मध्ये चेन्नईत एका घटस्फोटित बाईच्या नावाने एका याहू ग्रुपवर घाणेरडे मेसेज टाकले गेले. टाकणारा घरच्यांच्या ओळखीतला निघाला, त्याला तिच्याशी लग्न करायचं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं. मुंबईत २००९ मध्ये एका बाईला अनोळखी ईमेलवरून अश्लील फोटो येऊ लागले. तोही तिने लग्नाला नकार दिलेला माणूसच होता. चेन्नईच्या खटल्याचा निकाल काही महिन्यांत लागला. मुंबईतल्या बाईला २०१५ पर्यंत थांबावं लागलं, आणि शिक्षा झाली ती थोड्या महिन्यांची. हे तुझ्यापासून लपवून ठेवावंसं मला वाटत नाही. पण तिने सहा वर्षं तक्रार धरून ठेवली, म्हणून राज्यात असा माणूस दोषी ठरू शकतो हे दिसलं. मला त्या बाईबद्दल फार आदर वाटतो.

आता तुझ्याबद्दल. झोप लागत नाही, ना? लागली तरी मधेच जाग येते आणि हात आधी फोनकडे जातो. मेसेज आला तर छातीत धस्स होतं. दोन दिवस आला नाही तर त्याहून जास्त, कारण आता तो काय करत असेल याचा घोर. फोन सायलेंटवर ठेवलास तरी टेबलावर तो थरथरला की पोटात कळ येते. भूक गेली आहे. वर्गात सर काय शिकवतात ते कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही. मग सगळ्यांवर संशय. स्टोरी त्याने बघितली की त्याच्या मित्राने? खोलीतलीच कोणी त्याला कळवत नसेल ना? मला वाटतं, मनाला सगळ्यात जास्त पोखरतो तो हा संशय. कारण त्यापायी तू स्वतःच एकेक माणूस तोडत जातेस. डीपी काढलास, पोस्टा बंद केल्यास, मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाहीस, बसचा रस्ता बदललास, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. प्लॅनच्या त्याच पाहणीत छळ सोसलेल्या साधारण पाचातल्या एकीने सोशल मीडिया सोडला किंवा अगदी कमी केला होता. आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातीपासून कॉलेजच्या नोटिशीपर्यंत सगळं फोनवरच येतं, तिथे असं सोडणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

तुझं डोकं फिरलेलं नाही, तू हळवीही नाहीस. कोणीतरी नजर ठेवून आहे असं कळल्यावर कुठल्याही माणसाचं शरीर असंच वागतं. रात्र फारच अंगावर आली तर १४४१६ हा नंबर फिरव. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. नाव विचारून कोणी घरी कळवत नाही.

आता काय करायचं ते ऐक. त्याला एकदाच, लिहून, स्पष्ट नाही म्हण. "मला तुझ्याशी बोलायचं नाही. यापुढे मला फोन किंवा मेसेज करू नकोस." बस, एवढंच. "सॉरी" नको, "आत्ता अभ्यास आहे" नको, "आपण मित्र राहू" तर मुळीच नको. आपल्याला कोणाचं मन दुखवू नये असं लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यामुळे नकारही आपण गोडीत गुंडाळून देतो, आणि असला माणूस त्यातली गोडी तेवढी उचलतो. कलम ७८ ला स्पष्ट नकार लागतो, तो तुझ्या या दोन ओळींतून मिळतो. त्यानंतर एक अक्षरही नाही. चाळीस मिस्ड कॉलनंतर वैतागून एकेचाळिसावा उचललास आणि शिव्या घातल्यास, तरी चाळीस वेळा केला की ही उचलते, एवढंच तो शिकेल. "तू बोलली नाहीस तर मी जीव देईन" असा मेसेज आला, तर तो तसाच त्याच्या आईवडिलांना पाठव किंवा ११२ या आणीबाणीच्या नंबरला कळव. त्याला उत्तर नको. त्याच्या जिवाची जबाबदारी तुझ्या गळ्यात नाही.

ब्लॉक करायच्या आधी सगळं साठवून ठेव. इथेच मुली घाई करतात. किळस येते म्हणून डिलीट करतात, आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. स्क्रीनशॉटमध्ये त्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. इन्स्टाचं नुसतं नाव टिपू नकोस, नाव तो उद्या बदलेल, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव. बघितल्यावर नाहीसे होणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने शूटिंग घे. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना चॅट डिलीट करायची खूण आधीच केलेली असू शकते, ती बघून काढ. एक साधी वही कर: तारीख, वेळ, कुठून आलं, काय आलं, तेव्हा तू कुठे होतीस, कोण सोबत होतं. आणि ज्या फोनवर हे सगळं आलं तो फोन विकू नकोस, रिसेट करू नकोस. कोर्टात नुसत्या झेरॉक्सवर भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं.

मग तुझी दारं तपास. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघ, तुझ्या ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर तिथे दिसला तर त्याचा फोटो काढ आणि लॉग आउट कर. गूगल खात्यात जाऊन रिकव्हरीचा नंबर कोणाचा आहे ते वाच. एकीचं जीमेल कॉलेजात पहिल्या वर्षाला त्यानेच उघडून दिलं होतं, मदत म्हणून. रिकव्हरीला त्याचाच नंबर. ती पासवर्ड बदलत राहिली आणि तो दर वेळी आत येत राहिला. मॅप्सवर लोकेशन कोणाला शेअर केलेलं आहे, स्नॅपचॅटच्या नकाशावर तू दिसतेस का, तेही बघ. गाडीत किंवा बॅगेत लपवलेल्या ट्रॅकरबद्दल आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही फोन इशारा देतात, तो आला तर झटकून टाकू नकोस.

यात लग्न झालेल्या माझ्या बहिणींना एक सांगायचंय. बायकोचा फोन बघणं हा नवऱ्याचा हक्कच, असं आपल्याकडे मानतात. कलम ७८ मध्ये नवऱ्याला सूट म्हणून काही लिहिलेलं नाही. फोनमध्ये पाळतीचं ॲप असल्याचा संशय आला, तर ते लगेच काढायला जाऊ नकोस. ते काढलं की त्याला कळतं, आणि घरात तू त्याच्यासोबत एकटी असतेस. आधी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून भावाला, मैत्रिणीला, १८१ या महिला हेल्पलाइनला बोल. कुठे राहायचं ते ठरलं की मग फोनचं बघता येईल.

आणि घर. मला कळतं गं, हे सगळ्यात अवघड आहे. म्हणून सगळ्यांना एकदम नको. एक माणूस निवड. आई नसेल तर मावशी, आत्या, मोठा भाऊ, वहिनी, जो आधी ऐकतो आणि मग बोलतो असा. आणि सांगताना सुरुवात रडण्याने करू नकोस, मागणीने कर. "आई, एक मुलगा मला त्रास देतोय. मी त्याला नाही म्हटलंय. पुरावा साठवलाय. पोलिसांत जाताना तू माझ्यासोबत हवी आहेस." तू काय काय केलं आहेस हे आधी ऐकलं की समोरच्याचा अर्धा राग गळून पडतो, आणि करायला काहीतरी काम मिळतं. आई फोन मागेल. तेव्हा सांग की या फोनमध्येच पुरावा आहे, हा काढून घेतला तर त्याचाच फायदा. दादा म्हणेल, त्याचा पत्ता दे, चार पोरं घेऊन जातो. त्याला हात जोडून थांबव. अशी समजूत काढायला गेलेल्या भावांवरच मारहाणीचा गुन्हा दाखल होतो, आणि मग समोरचा अटीवर येतो, तुम्ही तक्रार मागे घ्या, आम्हीही घेतो. तिथे तुझी केस संपते.

हे वाचणारी कोणी आई असेल, तर माझ्या ताई, तुम्हालाही मनापासून सांगते. तुमची मुलगी हे घेऊन तुमच्याकडे आली, म्हणजे तिचा तुमच्यावर विश्वास आहे. "तू त्याला काय बोलली होतीस?" हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. पुढेही नाही विचारलात तर बरं. तिने त्याच्याशी गप्पा मारल्या असतील, फोटो पाठवला असेल, प्रेमही केलं असेल. त्यातून त्याला तिच्या मागे लागायचा हक्क मिळत नाही.

फोटोंची धमकी असेल तर पैसे देऊ नकोस, आणि "एकदा भेट, सगळं डिलीट करतो" याला तर अजिबात भुलू नकोस. स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे, डिसेंबर २०२१ पासून. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. तुझ्या फोनवरच त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो, तो तेवढा जातो, आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तसा फोटो आपल्याकडे चढला तर ओळखून अडवतात. तू अठराच्या आतली असशील तर त्याच धर्तीवर टेक इट डाउन आहे. शिवाय २०२१ च्या आयटी नियमांनी या कंपन्यांना बंधन घातलं की नग्न किंवा खोटा जोडलेला फोटो, तोतया खातं, अशी तक्रार ज्याची त्याने केली तर तेव्हाच्या मुदतीनुसार २४ तासांत त्यावर कारवाई करायची. तेव्हा त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिही आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेव. तुझ्या नावाने खोटं खातं उघडलं असेल तर आयटी कायद्याचं कलम ६६ क, खासगी फोटो पसरवले तर ६६ ई, अश्लील मजकुराला ६७ आणि ६७ अ. अठराच्या आतल्या मुलाला किंवा मुलीला असं छळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. तुझ्या धाकट्या भावालाही कोणी असं सतावत असेल, तर हे त्याच्याही उपयोगाचं आहे. तो सज्ञान असेल तर कलम ७८ त्याला लागू नाही, ते फक्त बायकांसाठी आहे, पण धमकी आणि आयटी कायद्याची कलमं लागतात. त्रास देणारा ऑफिसातला असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी दे. कॉलेजातही अशी समिती असते.

एक गोष्ट मात्र थांबून विचार करण्यासारखी नाही. तो हॉस्टेलच्या दाराशी दिसू लागला, तुझ्या येण्याजाण्याच्या वेळा सांगू लागला, "माझी नाही झालीस तर कोणाचीच नाही" असं बोलू लागला, ॲसिड, पेट्रोल, चाकू हे शब्द आले, तर त्याच दिवशी ११२. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, ती गेली. पेटवणारा तिच्या मागे लागलेला होता. २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. असं प्रत्येकीच्या बाबतीत होत नाही, बहुतेक ठिकाणी होत नाही. पण आपण वाट बघत बसायचं नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येईल, "पैसे किती गेले?" त्याने खचू नकोस. २०२२ मध्ये देशात ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदले गेले, त्यातले जवळजवळ ६५ टक्के फसवणुकीचे. दिवसभर तेच ऐकून त्यांना तेवढंच सुचतं. शांतपणे म्हण, पैसे गेले नाहीत, कलम ७८ ची तक्रार आहे. "एनसी करून घेऊ" म्हणाले, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, तर सांग की हा दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर हवा. या कलमाखालची माहिती महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते, तशी मागणी कर. घटना कराडची आणि तू पुण्यात, म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर करावाच लागतो. ऑनलाइन माहिती दिलीस तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येतं, १९३० या सायबर हेल्पलाइनवरून माहिती मिळते. ठाण्यात घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात उपायुक्तांना टपालाने पाठव, तिथेही हललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तपासासाठी फोन मुद्देमाल म्हणून ठेवून घेतील, तर आधीच बँकेची ॲप आणि कॉलेजचं काम दुसऱ्या फोनवर घेऊन ठेव, पण मूळ फोनमधलं काही पुसू नकोस.

सकाळी लवकर जा, दुपारनंतर गर्दी होते. सोबत ते निवडलेलं माणूस, आधार कार्ड, चार्जर, वही, प्रिंट काढलेले स्क्रीनशॉट. अर्ज मराठीत, तारखांच्या क्रमाने, एका पानात बसेल एवढाच लिही, आणि तो नकाराचा मेसेज कधी पाठवलास ते पहिल्या परिच्छेदात येऊ दे. अर्जाच्या दोन प्रती ने. एक त्यांना, आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊन पोच घे. ती हातात आल्याशिवाय उठू नकोस.